कुमाची थैली

चर्चबाहेर पोरांनी रिवाजाप्रमाणे गिल्ला केला, "कुमा, थैली जळाली!" नवरदेवाच्या साक्षीदाराने, म्हणजे कुमाने, तेव्हा हसत नाणी उधळायची असतात, हात आखडला तर जन्मभराची छी-थू. आजचा कुम होता रातोमीर, परदेशातून चकचकीत गाडी घेऊन आलेला. ह्याच्याच कर्जाला मिलुंका जामीन राहिली होती. हा पळाला, तिचं दिवाळं निघालं, राहतं घर लिलावात गेलं. मिलुंका पोरांना सारून पुढे आली, एप्रन पसरून ओरडली, "कुमा, थैली जळाली!" नाणी पडली. ती हलेना. नोटा पडल्या. "पुरे की गं," तो पुटपुटला, "पाकीट रिकामं झालं." "मनगटावर घड्याळ दिसतंय, मेल्या! सगळं गाव बघतंय." ओठ आवळून त्याने घड्याळ काढून एप्रनमध्ये टाकलं. "पहिला हप्ता पोचला!" मिलुंका पोरांकडे वळली. "गप्प का झालात? ओरडा रे! गाडीची किल्ली अजून राहिलीय."