मांदाकारूच्या कळ्या

शेवटची कळी काही केल्या काठीच्या आकडीला येईना. लिंदाल्वाने टाचा उंचावल्या, हात ताणले. पण मांदाकारूचा तो निवडुंग खांबासारखा घराच्याही वर गेलेला. तळहातात दोन काटे तेवढे रुतले. "मर तिथेच," ती त्या कळीला म्हणाली. खाली पडलेल्या कळ्या गोळा करून तिने बकरीच्या टोपल्यात टाकल्या. दुष्काळात हिरवं काही फेकवत नाही.

दोन वर्षं पाऊस नव्हता. टँकरमागे धावून, डोक्यावरून पाणी वाहून, काटे जाळून निवडुंग बकऱ्यांना चारून तिचं कंबरडं मोडलं होतं. आता बकरीही एकच उरली होती. दूर पेट्रोलिना शहराकडे नदीकाठच्या द्राक्षमळ्यांत काम मिळत होतं. तिकडची लॉरी उद्या, संत जोसेफच्या सणाला, निघणार होती. पण तिचा बाप, म्हातारा ओनोराटो, भलता हटवादी.

"सणापर्यंत मांदाकारू फुललं तर पाऊस नक्की," तो म्हणे. "नाही फुललं, तर येतो तुझ्यामागं."

मोतीबिंदूने त्याचे डोळे गेलेले. त्याला एकटं टाकून ती जाणार कुठे? रोज सकाळी तो विचारायचा, फुललं का? बापाशी खोटं बोलायला जीभ रेटत नव्हती, म्हणून ती संध्याकाळीच कळ्या तोडून टाकायची.

सणाच्या सकाळी ती बाहेर आली, तर वर रात्री उमललेलं पांढरं फूल मिटायला लागलं होतं. भोवती मधमाश्या. ती उंबऱ्यातच मटकन बसली. रागावण्याएवढंही बळ तिच्यात उरलं नव्हतं.

म्हातारा बकरीचं दूध काढून तिच्या टोपल्यातला चारा हाताने सारखा करत होता.

"काय गं, फुललं का?"

"नाही, बाबा."

"बरं. माझी हॅट दे. आणि बकरी शेजारच्या झेफाकडे बांधून ये."

एवढंच. इतके दिवस ज्यासाठी झटली, ते एका शब्दात झालं आणि लिंदाल्वाला रडू कोसळलं.

"बाबा, खोटं बोलले मी. फुललंय ते."

"ठाऊक आहे. रात्री वास आला मला."

"मग येता कशाला?"

म्हाताऱ्याने टोपल्यातून अर्धवट चघळलेली एक कळी काढून तिच्या हातावर ठेवली. तिच्या तळहातात रुतलेले काटे त्याच्या बोटांना लागले.

"रोज सकाळी ह्या माझ्या हाताला लागतात. एवढ्या कळ्या म्हणजे पाऊस धो धो येणार, पोरी, लिहून ठेव." त्याने हॅट चढवली. "पण तोवर तू उरायची नाहीस. चल."