शेवटचा ठिपका

मुलीच्या टाकीतल्या गोल्डफिशच्या अंगावर पांढरे ठिपके उठले, तेव्हा सर्वणच्या गुरुदासने नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला आंगवण बोलली, "ह्याचे सगळे ठिपके जाऊ देत देवा, मी महिनाभर मासे खाणं सोडीन." टाकीत खडेमीठ पडलं, दुकानदाराने दिलेलं निळं औषध पडलं. नवव्या दिवशी दुपारी सुविधा ओरडली, "बाबा, मासो बरो जालो!"

गुरुदास रव्यात तळलेला बांगडा खात होता. तो अर्ध्या जेवणावरून उठला आणि टाकीपाशी वाकला. उष्टं बोट काचेला टेकवून म्हणाला, "हो बघ, शेपटेकडे एक ठिपको आसा अजून. देवाक फसवचो न्हय." आणि परत ताटावर येऊन बसला.

दुसऱ्या दिवशीही एक ठिपका होताच. तिसऱ्या दिवशीही. मासा टाकीभर पळायचा, ठिपका मात्र जागचा हलायचा नाही.

चौथ्या दिवशी त्याची बायको शेवंती ओलं फडकं घेऊन आली. तिने टाकीची काच बाहेरून पुसली. रव्याचा कण फडक्याला लागून आला.

"सप्तकोटेश्वर पावलो ओ तुमका," ती म्हणाली आणि नवऱ्यापुढचं माशांचं ताट उचललं. "आजपासून मुगागाठी."