डेव्हनचे रस्ते

लग्नानंतरची पहिली दोन वर्षं जयंतीबाईंनी इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात काढली होती. तिथले झाडीतले अरुंद रस्ते त्यांना एकदा परत बघायचे होते. टोकियोत नोकरी करणारा शशांक दरवर्षी म्हणायचा, "आई, पुढच्या वर्षी नक्की जाऊ." काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, तेव्हा त्यांनी तो विषयच सोडला.

यंदा त्यांच्या वाढदिवसाला शशांकने टोकियोतल्या ओजिमा भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये टीव्हीवर डेव्हनमधल्या मोटारप्रवासाचा व्हिडिओ लावला. मेंढ्या ओरडल्या, चर्चची घंटा वाजली. जयंतीबाई सरसावून बसल्या.

"अरे, दगडी पूल आला का? ओढ्याचं पाणी ऐकू येतंय."

"आला, आई."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"ऑफिसमधून तानाका-सान आहेत गं. टीव्हीचा आवाज बंद करतो, तू बघत बस."