ढब्बूची फेरी

आज तिसऱ्यांदाही तेच. सरावाची घंटा वाजली, वाचनालयातली माणसं ठरल्याप्रमाणे उठून बाहेर पडली, आणि निवृत्त फायरमन दारातच खांबासारखा उभा राहिला. त्याचा कुत्रा ढब्बू पट्टा ओढून ओढून दमला, पण गडी हलेल तर शपथ!

"अहो साहेब, घंटा ऐकून तुम्हाला घाम फुटला की कुत्र्यानं तुम्हाला बाहेर न्यायचं. त्यासाठीच तर त्याला शिकवलंय!" प्रशिक्षक बाई वैतागल्या.

"आधी सगळ्यांना जाऊ दे."

सगळे गेले तरी तेच रडगाणं. तो मागे वळला. ढब्बूला ओढत प्रत्येक कपाटामागे, टेबलाखाली, अगदी संडासातसुद्धा डोकावून आला. महिनाभर हेच चाललं होतं. दुकानात हेच, दवाखान्यात हेच. बाईंचं डोकं फिरायची वेळ आली होती. कुत्र्यानं माणसाला सावरायचं, तर इथे माणूसच कुत्र्याला बिघडवत होता.

"आता शेवटची संधी. नाही जमलं तर ढब्बू दुसऱ्याला द्यावा लागेल. रांगेत माणसं थांबलीत."

बाजूला थांबलेली त्याची बायको पुढे आली. ढब्बू आल्यापासून नवरा निदान घराबाहेर तरी पडत होता.

"अहो, एवढं एकदा त्याचं ऐका ना!"

"मला काय हौस आहे?" तो खेकसला.

पुन्हा घंटा. माणसं गेली. तो पुन्हा दारात अडकला. हातातून पट्टा सुटला, आणि ढब्बू बाहेर जायचं सोडून उलटा आत पळाला.

"झालं! सगळंच मुसळ केरात." बाईंनी फुली मारायला पेन उघडलं.

ढब्बू कपाटांमागून गेला. टेबलांखालून गेला. संडासाचं दार नाकानं ढकलून आत बघितलं. मग तुरुतुरु परत येऊन फायरमनसमोर बसला.

तो खाली वाकला. "कोणी नाही?"

ढब्बू उठला आणि दाराबाहेर चालू लागला. त्याच्यामागून तोही गेला. पायऱ्या उतरला, रस्त्यावर पोचला. एकदाही मागे वळला नाही.

बाई बघतच राहिल्या. "हे मी शिकवलेलं नाही."

"एका आगीत यांच्यासकट सहा फायरमन आत गेले होते, बाई," बायको डोळे पुसत म्हणाली. "बाहेर येऊन मोजले तर पाचच भरले. आणि यांना कोणी परत आत जाऊ दिलं नाही."