चिचगडचा कासोटा

गीताबाईनं याही वेळी नाहीच म्हटलं.

नूतन ओसरीत बसून राहिली. फुलचूरला तिचं शिलाईचं दुकान. शिवलेली नऊवारी चांगली खपायची. पायजम्यासारखी चढवली की झालं. पण आता कॉलेजच्या मुलींना बिनशिवलेलं लुगडं स्वतः नेसायचं होतं. रविवारी शिकवते, असं ती कबूल करून बसली होती, आणि तिला स्वतःलाच कासोटा जमत नव्हता. मुली हसत परत गेल्या असत्या, तर दुकानाचं नावही त्यांच्यामागे गेलं असतं.

गीताबाईचा कासोटा साऱ्या चिचगडात नावाजलेला. रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकली, तरी बांधावर चढताना निऱ्या अशा, जशी धानाची नुकती निसवलेली लोंबी.

"मावशी, एकदाच दाखवा."

"त्यायले पुसा लागते."

नवरा, बकाराम, समोरच खाटेवर विडी ओढत होता. शेजारच्या नंदाबाईनं नूतनला आधीच सांगून ठेवलं होतं, बुढा भारी संशयी. बायको लुगडं बदलायला आत गेली, की हा मागोमाग आत; दाराला कडी. माहेरीसुद्धा तिला कधी एकटी मुक्कामाला धाडली नाही. लेकीच्या लग्नात गीताबाईला नेसवायला आलेल्या बायांना त्यानं अंगणातूनच परत लावलं.

नूतन उठून खाटेपाशी गेली.

"काका, लुगडं बाईचं. त्यात तुमाले कायले पुसायचं?"

बकारामनं विडी विझवली. बायकोकडे बघितलं. गीताबाई खाली बघून हसली.

"येतो रविवारी," तो म्हणाला.

"तुम्ही नका येऊ. मावशीले पाठवा."

"मी येईन, तं थे येईल."

रविवारी नूतननं त्याची खुर्ची दुकानाबाहेर मांडली. आत मुली दाटीवाटीनं बसल्या. कपड्यांवरूनच नेसून दाखवायचं, म्हणून त्यांनी गीताबाईला सलवार-कुर्ता घालायला लावला होता. "मावशी, एकदम हिरोईन," कुणीतरी म्हणालं. लाजत ती पडद्यामागून आली, घडीचं लुगडं छातीशी धरून. आणि थेट दाराशी गेली.

"या ना जी."

बकारामनं चपला काढल्या, हात धोतराला पुसले. तिच्या कमरेशी गाठ बसली. मग त्याच्या बोटांतून निऱ्या उतरू लागल्या, एकीवर एक, एकसारख्या. मुली पुढं सरकून बघू लागल्या.

नूतनकडे बघत गीताबाई म्हणाली, "मले कुठं येते वं? हे गावच्या दंडारीच्या नाटकात राणीचं सोंग घेत. लगनापासून मलेही हेच नेसवून राहिले."