घरातलं मत

पुरोगामी आघाडीच्या उमेदवारांच्या शिबिरात सांगितलं होतं, घरी सराव करा, कुणालातरी चिडका मतदार बनवा. म्हणून त्या उमेदवारांपैकी एक, ड्यूटीवरून आलेली नर्स, स्वतःच्याच दाराबाहेर उभी राहिली. बाबांनी दार उघडलं. शिकल्याप्रमाणे तिनं हसून पत्रक पुढे केलं. "मागच्यांनी काय दिवे लावले, म्हणून तुम्ही लावणार?" बाबा गुरकावले. ती गांगरली. "इतकं हुबेहूब कसं जमतं तुम्हाला?" "मीही उभा होतो ना एकदा. दारोदार हेच ऐकलं." "चांगलं कुणीच बोललं नाही?" "तुझी आई. रोज निघताना पाण्याचा पेला द्यायची, म्हणायची, माझं मत तुम्हालाच. आपल्या केंद्रावर मला एकच मत पडलं. माझं." "आईला विचारलं नाहीत?" "विचारून मग संसार कसा करायचा?" तेवढ्यात आई पाण्याचा पेला घेऊन आली. बाबा पत्रक वाचू लागले. "घसा सुकला असेल," आई लेकीला म्हणाली. "माझं मत तुलाच."