कोरडी नळी

"साहेब, ह्यो तारेचा ब्रश आधी पिशवीत घाला," पंचाक्षरीअप्पा म्हणाला. "नळीला ओरखडे पडत्यात ह्यानं. भांडी घासायला बरा हाय."

फौजदार हसला. लातूर जिल्हा होऊन उणेपुरे सहा महिने झाले होते आणि साहेब जिल्ह्याइतकाच नवा होता. वाडीत परवान्याच्या ठासणीच्या बंदुका तीनच, पाटलांची, विरूपाक्षाची आणि अप्पाची. तिन्ही अप्पाच्या ओसरीवर घोंगडीवर मांडल्या होत्या. त्यातल्या एकीनं अप्पाचा बैल मारला होता.

तक्रार अप्पाचीच आणि पारखही अप्पाचीच. पण नळीच्या पोटातलं ओळखणारा देवणीपर्यंत दुसरा होता कोण! आणि अप्पा खोटं बोलेल असं म्हणायची वाडीत कुणाची छाती नव्हती.

बैल म्हणजे काय साधासुधा बैल? देवणीचा वानेरा. अंग पांढरंशुभ्र, तोंड काळंभोर. दुष्काळात सगळ्यांनी गुरं बाजारात काढली, अप्पानं दावणीची दोरीसुद्धा हलवली नाही. एकुलता एक पोरगा सिद्धराम लातूरला नव्या कचेरीत कारकून लागला होता. 'इथं दारात नळ आहे, दोघंही या,' म्हणून त्याची पत्रावर पत्रं येत. अप्पाची बायको गुरम्मा एका घागरीसाठी दोन कोस उन्हात तुडवायची. ती पत्रं तिनं डब्यात जपून ठेवली होती. अप्पाचं आपलं एकच पालुपद. "वानेरा हाय तवर म्या वाडी सोडत न्हाई."

गेल्या बुधवारी अप्पा कडब्यासाठी उदगीरला गेला आणि गुरुवारी दुपारी परतला, तर शेतातल्या गोठ्यात वानेरा आडवा. कपाळात गोळी. घरी आला तर प्यायला पाण्याचा थेंब नाही. "घागर लवंडली," गुरम्मा खाली मान घालून म्हणाली. अप्पा तिच्यावर असा काही भडकला की शेजारी दारात आले. नशीब, सिद्धराम आदल्याच दिवशी रजेवर आला होता. खड्डा त्यानंच खणला, आणि बापाच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडला.

संशय घ्यायला फार लांब जायची गरजच नव्हती. महिन्यापूर्वी वानेऱ्यानं विरूपाक्षाची कडब्याची गंजी उपसली होती, आणि विरूपाक्ष चारचौघांत ओरडला होता, "पुन्हा दिसला तर गोळी घालीन!" तेव्हा सगळे हसले होते, अप्पासुद्धा.

"बरं, नळी ओळखायची कशी?" फौजदारानं विचारलं.

अप्पानं वेळूचा गज उचलला, टोकाला जुन्या धोतराची मऊ चिंधी गुंडाळली. "बार काढला की आत काजळी धरती. कढत पाणी ओतून धुवावी लागती. मग कोरडी करून तेलाचा हात. तेल इसरलं की दोन दिसांत तांबडी. पर आवंदा माणसाला पाणी न्हाई, बंदुकीला कुठलं? म्हणून म्या वर्सभर बारच काढला न्हाई. खंडेनवमीला कोरड्या फडक्यानं पुसली, तेल लावलं, पूजा केली आन् खुंटीला टांगली."

"अरे वा, नेम म्हणजे नेम!" फौजदार म्हणाला.

पाटलांच्या नळीतून चिंधी आली ती पिवळट. जुनं तेल. अप्पानं बंदूक बाजूला सारली.

विरूपाक्षाच्या नळीतून आली काळीकुट्ट. दारूचा वास ओसरीभर झाला.

"डुकरावर टाकला होता बार," विरूपाक्ष म्हणाला. "मंगळवारी. आईची आण."

"डुकरावर?" अप्पानं चिंधी त्याच्या अंगावर फेकली. "चाळीस वर्सं एका ताटात जेवलो रे आपुन! तुझ्या लेकीच्या लग्नात ह्याच बैलानं वऱ्हाड वाहिलं. कडब्याच्या चार पेंढ्यांपायी केसानं गळा कापलास माझा!"

"पंचाक्षरी, मी न्हाई मारला. तू तरी असं म्हणू नको."

"म्हणणार! शंभर डाव म्हणणार!"

वैऱ्यानं मारला असता तर सोसलं असतं. पण हा विरूपाक्ष होता. अप्पाला रडू फुटेना आणि राग गिळवेना. फौजदाराच्या शिपायानं कमरेची दोरी सोडली. विरूपाक्षानं मुकाट हात पुढं केले. म्हाताऱ्याच्या मनगटांना दोरी दोनदा गुंडाळावी लागली.

"तिसरी राहू द्या, अप्पा," फौजदार उठत म्हणाला. "ती तर तुमचीच."

"न्हाई साहेब. कायदा म्हंजी कायदा. उद्या कुणी बोट दाखवाया नको."

अप्पानं नवी चिंधी गुंडाळली आणि स्वतःच्या बंदुकीत गज घातला. गज अर्ध्यावर खरखरला. त्याच्या कपाळाला आठी पडली. त्यानं जोर लावून गज फिरवला आणि बाहेर ओढला.

चिंधी तांबडीलाल झाली होती. त्यानं ती नाकाशी नेली. तेलाचा मागमूस नव्हता.

"गंज चढलाय की!" फौजदार समाधानानं म्हणाला. "बरोबर आहे, वर्षभर वापरलीच नाही ना तुम्ही. चला रे, घ्या म्हाताऱ्याला."

शिपायानं दोरी ओढली. विरूपाक्ष हलला नाही. तो अप्पाच्या हातातल्या चिंधीकडे बघत होता. आयुष्यभर त्यानंही असलीच बंदूक वापरली होती.

अप्पानं मान वळवली. साहेबासाठी पाणी घेऊन गुरम्मा दारात उभी होती. तांब्यातलं पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडत होतं.

"गुरम्मा," अप्पा हळूच म्हणाला, "त्या दिशी घागर कुठं लवंडली?"